फांदीकाकू

फांदीकाकू कुणाच्या घरी आल्या की पहिली काही मिनिटं त्यांचं घरातल्या माणसांकडे लक्षच नसतं. फाटक उघडता उघडता त्यांची नजर गडग्याच्या कडेनं फिरते, पायरीवरच्या कुंड्या मोजते, तुळशीला वळसा घालते आणि मग कुठे दारात उभ्या असलेल्या यजमानीणबाईंपर्यंत पोचते. यजमानीण म्हणते, "या, बसा." काकू बसत नाहीत. "बसते गो. हे क्रोटन कुठून आणलंस?" पुढचा अर्धा तास त्या क्रोटनचं गाव, कूळ आणि आणणाऱ्याचं नाव यात जातो. चहा होतो, पोहे होतात. काकू उठतात, चपलेत पाय सरकवतात आणि आत्ताच आठवलं अशा सुरात म्हणतात, "एक फांदी मिळेल का? बोटाएवढी. लागली तर लागली."

हे "बोटाएवढी" प्रकरण अनुभवी माणसाला ठाऊक असतं. काकूंचं बोट कोपरापासून सुरू होतं. तुम्ही "हो, न्या की" म्हणून कात्री आणायला आत वळेपर्यंत पर्समधून अर्धं ब्लेड निघालेलं असतं. त्याच पर्समध्ये धुऊन वाळवून घडी घातलेल्या दुधाच्या पिशव्या, एक जुना रुमाल (फांदी आणताना तो ओला करायचा), सुतळीचा गुंडा आणि या सगळ्याच्या तळाशी चष्मा, किल्ली नि पैसे. एसटीत कंडक्टरनं सुटे मागितले की आधी अबोलीचं बी बाहेर येतं.

रत्नागिरीत अशी एक काकू प्रत्येक आळीत असते. खालच्या आळीत आहे, वरच्या आळीत आहे, नाचण्याला आणि कुवारबावला बंगल्यांच्या कॉलन्या झाल्या तिथेही आहे. कधी ती काकू नसून निवृत्त पोस्टमास्तर असतात, पण लक्षणं तीच. बाहेरच्या माणसाला यात विशेष काही वाटणार नाही. बागेची हौस कुणाला नसते? पण आमच्या गावात ही हौस म्हणजे जवळजवळ बंडखोरी आहे. इथे झाडाला पहिला प्रश्न उत्पन्नाचा विचारतात. हापूसचं तर सोडाच, त्याला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तो सरकारी कागदावरही मानाचा झाला. नारळाची झावळी, सोडण, करवंटी काही वाया जात नाही, त्याच्यासाठी भाट्याला आख्खं संशोधन केंद्र आहे. सुपारी, फणस, रातांबा, सगळे आपापल्या परीनं कमावते. फुलझाडांतही जास्वंद, तगर, अनंत ही देवाच्या नोकरीत लागलेली, त्यांना कुणी बोलत नाही. कातळाला सुरुंग लावून खड्डा पाडायचा, विकतची माती आणून त्यात भरायची आणि मग कलम लावायचं, अशी ज्या गावची रीत, तिथे फळ नाही, देवाला चालत नाही, भाजीत पडत नाही अशा झुडपासाठी घमेलंभर माती खर्च करणारी बाई लोकांना थोडी वाया गेलेली वाटते.

लोकांना म्हणजे सर्वात आधी काकांना. काका कोषागारातून निवृत्त झाले. पावसच्या रस्त्याला त्यांची थोडी कलमं आहेत. मोहोर, तुडतुडा, फवारणी, राखण आणि वाशीचा भाव याखेरीज सातवा विषय त्यांना नाही. सहावाही नाही खरं तर. काकूंनी नवीन काही लावलं की ते दोन्ही हात मागे बांधून त्याच्यापुढे उभे राहतात आणि विचारतात, "ह्याची पेटी भरते का?"

"माणसांची तरी कुठे भरते?" काकू मान वर न करता म्हणतात.

हा संवाद त्या घरात इतक्या वेळा झालाय की पोपट असता तर त्याला पाठ झाला असता.

काकूंचं स्वतःचं असं एक झुडूपशास्त्र आहे. त्याचं पहिलं कलम: विकत आणलेलं झाड माजतं. नर्सरीतून त्या कधी काही आणत नाहीत. तिथे जातात, सगळं बघतात, मालकाला दोन रोगांवर उपाय सांगतात आणि खाली पडलेलं एखादं कांडं उचलून घरी येतात. दुसरं कलम: मागून आणलेली फांदी लागते, चोरून आणलेली हमखास लागते. हा सिद्धांत महाराष्ट्रभर मनीप्लँटच्या बाबतीत मान्य आहे, काकूंनी तो सर्व वनस्पतींना लागू केला एवढंच. त्यांच्या दारातला पांढरा चाफा, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, थिबा राजाच्या बागेतला. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं, तो १९१६ साली इथेच वारला, त्याचा राजवाडा अजून उभा आहे. तेव्हा चाफा तिथला असू शकतो. नसूही शकतो. कुणी फार खोदून विचारलं तर काकू म्हणतात, "राजाकडे पावती मागायला जाऊ का आता?"

लग्नाच्या स्वागत समारंभात लोक आइस्क्रीमच्या रांगेत असतात, तेव्हा काकू स्टेजच्या मागच्या खोलीत पुष्पगुच्छ उसवत बसलेल्या असतात. गुच्छात फुलांना आधार म्हणून पिवळ्या कडांचे हिरवे शेंडे खोवतात ना, तो ड्रेसिना. फुलं उद्या मरतात, पण तो शेंडा पाण्यात ठेवला तर मुळं धरतो. हे ज्ञान काकूंना कुठल्याशा लग्नात झालं आणि तेव्हापासून आळीतल्या कुठल्याही नवऱ्यामुलीच्या हाती तिचे पुष्पगुच्छ धड पोचलेले नाहीत. काकूंच्या विहिरीच्या कठड्यालगत ड्रेसिनांची रांग आहे. पाहुण्यांना त्या ती दाखवतात: हे अमक्याचं लग्न, हे तमक्याचं, ह्याचा घटस्फोट झाला पण झाड बघा कसं वाढलंय.

कारण काकूंच्या परसात झाडांना झाडांची नावं नाहीतच. फांदी ज्याच्याकडून आली त्याचं नाव. मुसांडा म्हणजे चिपळूणच्या वन्सं. पिवळी जास्वंद म्हणजे मालाडच्या आत्या. पांढरी बोगनवेल हे सांगलीचे व्याही. लाल शेपट्या लोंबणारी अकॅलिफा, जिला बाकी आळी मांजराचं शेपूट म्हणते, ती पोस्टातल्या कुलकर्णीणबाई. काका सकाळी दात घासत पायरीवर उभे राहून विचारतात, "व्याह्यांना पाणी घातलंस?" आतून उत्तर येतं, "घातलं. फार पसरलेत. ह्या शनिवारी कापायचेत."

घरात याचं कुणाला काही वाटत नाही. पण एका श्रावणात झड लागली, पाणी निचरेना, आणि काकूंनी ठाण्याच्या नणंदेला फोन लावला. "अगो, मालाडच्या आत्या गेल्या. काल रात्रीच. चार दिवस नुसत्या माना टाकून होत्या." एवढं बोलून झालं आणि रेंज गेली. आमच्याकडे श्रावणात रेंज जाते ती लवकर परत येत नाही. संध्याकाळपर्यंत नातेवाइकांच्या ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजल्यांचा सडा पडला. हात जोडलेली चित्रं आली, समई आली, कुणीतरी आत्यांचा तरुणपणीचा फोटोही टाकला. मालाडच्या आत्या स्वतः त्या ग्रुपमध्ये. वय वर्षं ८४, दृष्टी शाबूत. त्यांनी सगळं वाचलं, रात्री सावकाश फोन केला आणि विचारलं, "तेराव्याला काय करताय? मला लाडू नको हो, साखर आहे." खरा प्रकार कळल्यावर मात्र त्या हळहळल्या. म्हणाल्या, "दिवाळीत ये. माझी दुसरी फांदी देते."

थट्टा राहू दे. या बाईच्या हाताला काहीतरी आहे, हे मी जवळून पाहिलंय. मृग लागून पहिल्या दोन-चार सरींनी माती थंड झाली की काकू पडवीत पाट घेऊन बसतात. पुढ्यात लाल माती, नदीची रेती आणि जुनं शेणखत, तिन्ही चाळलेली. समुद्राची वाळू अजिबात नाही, मीठ असतं. फांदी कोवळी नको आणि जून नको, पेन्सिलीच्या जाडीची हवी. पेराच्या जरा खाली तिरका छेद देतात, एका ओढीत, ब्लेड परत फिरवत नाहीत. खालची पानं काढतात, वरची अर्धी कापतात, म्हणजे पाणी उडून जायला जागा उरत नाही. मग फांदी मातीत खुपसायची नाही. आधी पेन्सिलीनं भोक पाडायचं, त्यात ती सोडायची, नाहीतर खालची साल सोलवटते आणि तिथूनच कूज धरते. शेवटी दोन्ही अंगठ्यांनी बुंध्याशी माती दाबतात, पोळीच्या कणकेला अंगठा लावून बघावा इतपत. दुधाच्या पिशव्या पागोळ्यांच्या आतल्या अंगाला ओळीनं लागतात. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. उघड्यावर ठेवलेली फांदी रुजायच्या आधी बुडते.

त्यानंतरचा नियम: हलवून बघायचं नाही. हा नियम इतरांसाठी. काकू रोज सकाळी चहाच्या आधी प्रत्येक फांदी दोन बोटांत धरून अगदी हळू वर ओढतात. मी एकदा हटकलं तर म्हणाल्या, "ओढत नाही रे, विचारत्ये नुसतं." एखादीनं ओढ धरली की त्यांचा आवाज पार रस्त्यावर ऐकू येतो. "धरलंन! धरलंन गो!" नवीन माणसाला वाटतं चोर सापडला.

तर अशा काकू थोरल्या लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला गेल्या. ऐन जानेवारीत. खिडकीतून बाहेर पाहिलं तर सगळी झाडं खराट्याच्या काड्या होऊन उभी. दोन दिवस काकू गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी लेकीला म्हणाल्या, "एवढी मेलेली झाडं कुणी तोडत कसं नाही?" नातीला न्हाऊ घालावं, डिंकाचे लाडू वळावेत आणि बर्फाकडे बघत बसावं, यात फेब्रुवारी सरत आला. आणि मग एका सकाळी शेजारच्या अंगणातल्या एका पर्णहीन झुडपावर त्यांना काहीतरी दिसलं. तांबूस काड्या, पान एकही नाही, आणि काडीभर करड्या-रुपेरी लोकरीचे गोंडे. त्या शालही न घेता बाहेर गेल्या. लेक बाळाला टाकून मागे धावली. काकू बर्फात उभ्या राहून एक गोंडा गालाला लावून बघत होत्या.

तो पुसी विलो. तिकडच्या ईशान्य भागातलं मूळचंच झुडूप, ओलीत वाढणारं. थंडी संपायच्या आत, बाकी झाडं झोपेत असताना हे फुलतं. काकू त्याला मनी म्हणतात.

झुडपाची मालकीण एक म्हाताऱ्या बाई. काकूंनी आयुष्यातलं पहिलं इंग्रजी वाक्य त्यांच्याशी बोललं. बोट वर करून म्हणाल्या, "वन स्टिक. फिंगर." त्या बाई आत गेल्या, मोठी कात्री घेऊन आल्या आणि त्यांनी कवळाभर काड्या कापून काकूंच्या हातात दिल्या. बोटाएवढी मागून कवळाभर मिळण्याचा हा काकूंच्या कारकिर्दीतला एकमेव प्रसंग. त्या अजून सांगतात आणि सांगताना आमच्या आळीकडे एक कटाक्ष टाकतात.

पुढं दोघी म्हाताऱ्यांचं जमलं. भाषांतराला लेक होतीच. त्या आजींचं माहेर मूळचं पोलंडकडचं. तिकडे झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये न्यायला माड कुठून मिळणार, म्हणून लोक मनीच्याच फांद्या नेतात. हे ऐकून काकूंचा जीव कळवळला. "अगो, आमच्या आगरात झावळ्या पडून कुजतात. आधी सांगितलं असतंन तर घेऊन आल्ये असत्ये." आजींनी त्यांना शिकवलं की गोंडे असेच मऊ ठेवायचे असतील तर काड्या कोरड्या फुलदाणीत ठेव, पाणी घालू नको, त्या तशाच वाळतात. पाणी घातलंस तर गोंड्यांवर पिवळे केसर येतील, पराग झडेल आणि टेबल खराब होईल. काकूंनी निम्म्या काड्या कोरड्या ठेवल्या. निम्म्या पाण्यात ठेवल्या आणि रोज बाटलीच्या काचेला डोळा लावला. पंधरवडा गेला असेल नसेल, लेकीच्या स्वयंपाकघरात आरोळी उठली, "धरलंन!" बाळ दचकून उठलं. आणि काकूंच्या मनाला अपमान झाल्यागत वाटलं. एवढी सगळी कला, तिरका छेद, पेन्सिलीचं भोक, आणि हे झाड नुसत्या नळाच्या पाण्यात मुळं सोडतं! मग कळलं की विलोची जातच तशी. त्याच्या काड्या भिजवलेलं पाणी इतर कलमांना घातलं तर तीही लवकर रुजतात म्हणून तिकडचे बागवाले ते मुद्दाम करून ठेवतात. काकूंना हे पटलं. काही माणसं असतात तशी, म्हणाल्या, स्वतः रुजतात आणि दुसऱ्यालाही रुजवतात. पण काही असतात ती घराची मोरी फोडतात. कारण आजींनी दुसरंही सांगितलं होतं: याची मुळं पाण्याच्या वासानं धावतात, सांडपाण्याच्या नळाजवळ लावू नको. मनीला परसाच्या टोकाला, छपराचं पाणी वाहत जाऊन मुरतं तिथे जागा मिळाली. काकू सहा महिने पुरे करून परत आल्या.

परत आल्या म्हणजे शरीरानं. तेव्हापासून त्या झुडपाचा संसार रत्नागिरीतून चालतो. सकाळी सात-साडेसातला, म्हणजे तिकडे रात्री, व्हिडिओ कॉल. "नात दाखव" हे वाक्य पहिलं असतं, हे मी काकूंच्या बाजूनं मुद्दाम नोंदवतो. दुसरं मात्र "मनी दाखव". लेक टॉर्च घेऊन परसात जाते. "खालून दाखव. बुंधा दाखव. हे कुरतडलंन कुणी?" हरणांनी. तिकडे हरणं संध्याकाळची परसात येतात आणि कोवळे शेंडे खातात. काकूंना याचा मोठा आधार वाटला. इथे माकडं, तिथे हरणं. म्हणजे अमेरिकेतही राखणीला गडी लागतोच.

छाटणीवरून मात्र घरात महाभारत झालं. मनी फुलून गेली की लगेच ती खरपूस छाटायची. गुडघ्याइतकी ठेवायची. मग पावसाळ्यासारखे सरळ सोट फुटवे येतात आणि पुढच्या वर्षी त्यांच्यावर गोंडे धरतात. लेकीचा हात चालेना. "आई, एवढी छान वाढलीये." "वाढली म्हणूनच छाट." तिनं जीव मुठीत धरून छाटली, पुढच्या वर्षी काड्या भरून फुलल्या. त्यानंतरच्या वर्षी जावयानं उत्साहानं ऑक्टोबरात बाग आवरली आणि सगळ्या झुडपांबरोबर मनीलाही सफाईनं गोल कापलं. पुढच्या वसंताच्या कळ्या तोवर काड्यांवर बसलेल्या असतात, त्या सगळ्या पालापाचोळ्याबरोबर पिशवीत गेल्या. फेब्रुवारीत झाड भुंडं. जावई तसा गुणी, मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. काकू त्याच्याशी मे महिन्यापर्यंत फक्त "बरं आहे ना" एवढंच बोलत होत्या. हापूसची पेटी निघाली ती लेकीच्या नावानं.

मग मनी रत्नागिरीत आणायचा ध्यास. लेक दिवाळीला येणार होती. "एक काडी घेऊन ये. बोटाएवढी." लेकीनं सांगितलं, परदेशातून रोप आणायला आयातीचा परवाना लागतो, तिकडच्या खात्याचा रोगमुक्तीचा दाखला लागतो, २००३ सालापासून त्याचा सविस्तर आदेश आहे. "बोटाएवढीला कसला आलाय दाखला?" लेक बधली नाही. मुलगी कायद्यानं वागते हे दुःख काकूंनी बराच काळ बायकांत बोलून दाखवलं. शिवाय आणली तरी ती फुलणार कशी? तिला कळ्या उमलायच्या आधी कित्येक आठवडे खणखणीत थंडी लागते. आमची जानेवारीतली थंडी म्हणजे पहाटे पायाशी पडलेली चादर अंगावर ओढण्यापुरती. काकूंकडे त्यालाही तोड होती. कुंडीसकट फ्रीजमध्ये. काका तेव्हा पहिल्यांदा ठामपणे बोलले. "त्यात माझी आंबापोळी आहे."

सुटका केली ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका सरांनी. सर पावसाळा संपता संपता कातळसड्यांवरची फुलं बघत गुडघ्यांवर रांगतात, त्यामुळे काकूंना ते शहाणे वाटतात. सर म्हणाले, "काकू, अमेरिकेला कशाला जाता? ह्याच घराण्यातलं झाड आपल्याकडे आहे. वाळुंज. सह्याद्रीतल्या नद्यांच्या काठानं उभं असतं. सॅलिक्स टेट्रास्पर्मा. रॉक्सबर्गनं नाव ठेवलंय." थंडी फारशी लागत नाही, फक्त पाय ओले हवेत. त्याचेही गोंडे येतात, लांबट, लोकर कमी, पण गोंडेच. मग ओघात त्यांनी सांगितलं की विलोच्या सालीत वेदना शमवणारं द्रव्य असतं, त्याच्या मागोव्यातूनच १८९७ साली जर्मनीत बायर कंपनीत अ‍ॅस्पिरिन तयार झालं. काका रक्त पातळ राहावं म्हणून रोज तीच लहानशी गोळी घेतात. काकू गर्रकन त्यांच्याकडे वळल्या. "ऐकलंत? ह्याची पेटी भरत नाही, पण तुमची पेटी बंद पडू देत नाही हो." काकांनी छातीला हात लावला आणि त्या दिवशी पुढं काही बोलले नाहीत.

वाळुंजीची फांदी कोल्हापूरकडच्या नदीकाठावरून आंबा घाट उतरून एसटीनं आली, ओल्या गोणपाटात गुंडाळून. न्हाणीच्या पाण्यावर लावली. अमेरिकेत शिकलेला धडा इथे विसरला गेला, पण न्हाणीचं पाणी उघड्या पाटानं आगरात जातं, फोडायला नळच नाही. झाडानं हातपाय पसरले. वाळुंज म्हणजे झुडूप नव्हे, चांगला वृक्ष होतो. काकूंनी त्याला दरवर्षी छाटून झुडपाच्या मापात ठेवलं आणि त्याचं नाव ठेवलं मनीची मावशी. तिसऱ्या थंडीत मावशी फुलली. सगळी आळी बघायला. हिरवट, किरटे, सुरवंटी तुरे. ना सोनेरी पराग ना रेशमी लोकर. काकू म्हणाल्या, थांबा, अजून वेळ आहे. वेळ झाल्यावर तुऱ्यांतून कापूस उडाला. तो काकांच्या चष्म्यावर बसला, शेजारणीनं अंगणात वाळत घातलेल्या पोह्यांच्या पापडांवर बसला. ओले पापड. त्यावर्षी आळीनं लव असलेले पापड तळून खाल्ले.

सरांनी भिंगातून पाहिलं. "काकू, ही मादी आहे. वाळुंजीत नर वेगळा, मादी वेगळी. परागाचे गोंडे नरालाच. तुमची ती अमेरिकेतली मनीसुद्धा नरच असणार, देखणी मनी नरच असते." काकूंना मोठा धक्का बसला. इतकी वर्षं त्यांनी जिला मनी मनी केलं तो बोका निघाला. थोडा वेळ त्या अकॅलिफाच्या लाल शेपट्यांकडे बघत राहिल्या. "आणि ही आमची कुलकर्णीण?" सर म्हणाले, "अकॅलिफात उलट. बागेत लावतात त्या सगळ्या माद्याच. शेपट्या त्यांच्याच." काकू समाधानानं म्हणाल्या, "तरीच. आपल्याकडे नटायचं ते बायकांनीच."

तेव्हापासून घाटावर जाणारा प्रत्येक माणूस काकूंचा दूत आहे. नर ओळखायचा तर झाड फुलात असताना गाठायला हवं, म्हणून ऐन थंडीत कुणी कोल्हापूरचं नाव काढलं की काकू त्याच्या पायरीवर हजर. मलाही कामानिमित्त जायचं होतं. अर्धं ब्लेड, ओला रुमाल, दुधाची पिशवी आणि सूचना मिळाली: "तुऱ्यावरून बोट फिरव. पिवळं लागलं तर घे. नाही लागलं तर हात जोडून पुढच्या झाडाकडे जा." मी काम आटपून नदीवर गेलो. तुऱ्यांना वास गोड होता, मधमाश्या घोंगावत होत्या. एकामागून एक झाडांना बोट लावत मी काठानं चाललो असताना पाण्यात म्हशी धुणाऱ्या माणसानं आवाज दिला, "काय हुडकताय ओ?" मी म्हणालो, "यातला नर पाहिजे." त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हशी जरा पलीकडे घेतल्या. पुढच्याच झाडाला बोट पिवळं झालं.

फांदी लागली. लागायचीच होती. पण ती आणणारा मी, आणि काकूंच्या परसातला नामकरणाचा नियम मला लागू झाला. काकू मला लहानपणापासून बाळ्या म्हणतात. आता रोज सकाळी चहाच्या वेळी गडग्यापलीकडून व्हिडिओ कॉल ऐकू येतो आणि माझी बायको गॅस बारीक करून खिडकीशी उभी राहते.

"बाळ्या ना? हो, धरलंन एकदाचं. अगो, नुसता वाढतोय. हातभर रुंद झालाय. पाणी पितो भरपूर, पण फुलायचं नाव नाही... नाही गो, मेला नाही, आळशी आहे. ह्याच्या बायकोची सावली पडते ना त्याच्यावर... मावशी गो, मावशी. तिला जरा हटवायला हवी. ह्या फेब्रुवारीत बघत्ये वाट, आणि मग गुडघ्यापासून छाटून टाकत्ये."